घर बांधायला देताना: परवाना कुणाकडे असतो, कुणाकडे नसतो

नव्या घरात वीजजोडणी घ्यायची तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. महापालिकेच्या हद्दीत नळजोडणीसाठी परवानाधारक प्लंबर लागतो. नकाशा पास करायचा तर त्यावर वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही हवी. पण त्याच घराचा पाया भरणारा, कॉलम उभे करणारा, स्लॅब टाकणारा ठेकेदार कोण आहे, त्याने आधी काय बांधले, त्याला स्टीलचे ड्रॉइंग वाचता येते का, हे तपासणारे कोणतेही कार्यालय महाराष्ट्रात नाही. घरात वायर ओढणाऱ्याला परवाना लागतो, घर उभे करणाऱ्याला लागत नाही.

तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन स्वतःचे घर बांधणारा माणूस बहुधा आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च करत असतो. भविष्य निर्वाह निधी, सोने, बँकेचे कर्ज, कधी वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा असे सगळे त्यात ओतलेले असते. फ्लॅट घेणाऱ्यासाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून त्याखालचे राज्याचे नियामक प्राधिकरण, महारेरा, काम करू लागले. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधणारा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, कारण तिथे विक्री नाही आणि विकणारा प्रवर्तकही नाही. तिथे असतात फक्त घरमालक आणि ठेकेदार. दोघांच्या मध्ये पुष्कळदा एक वही आणि शब्द, एवढेच असते.

जी तपासणी परवाना देणाऱ्या यंत्रणेने करायची, ती आपल्याकडे घरमालकालाच करावी लागते. ती कशी करता येते, कायदा कुठवर साथ देतो आणि राज्याने काय करायला हवे, याचा हा आढावा आहे.

सहीला परवाना, हाताला नाही

वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे आणि त्याखाली वास्तुकला परिषदेकडे त्यांची नोंदणी होते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही ठिकाणे वगळून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बांधकाम परवानगीच्या कामात कुणाकुणाची सही चालते, त्यांची पात्रता काय असावी, हे तिच्यात ठरवून दिले आहे. वास्तुविशारद, अभियंता, स्ट्रक्चरल अभियंता, सुपरवायझर असे हे तांत्रिक लोक. जोत्याची तपासणी, काम पूर्ण झाल्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र ही सगळी कागदपत्रे त्यांच्या सहीने पुढे सरकतात.

कागदावर ही व्यवस्था ठीक आहे. प्रत्यक्षात लहान घरांच्या बाबतीत पुष्कळदा नकाशा पास झाला की अभियंत्याचे काम संपते. फाइलवर सुपरवायझरचे नाव असते आणि साइटवर मुकादम असतो. घरमालकाने अभियंत्याला पैसे दिलेले असतात ते ‘पास करून देण्याचे’. देखरेखीचे वेगळे शुल्क द्यायला तो तयार नसतो. त्यामुळे ज्याची परीक्षा झाली आहे तो माणूस काँक्रीट पडताना हजर नसतो, आणि जो हजर असतो त्याची परीक्षा कधी कुणी घेतलेली नसते.

यात गवंड्याच्या हुशारीचा अपमान नाही. आपल्याकडचे बहुतेक लहान ठेकेदार बिगारी, गवंडी, मिस्त्री अशा पायऱ्या चढून वर आले आहेत. ओळंब्याला आणि लेव्हल ट्यूबला धरून त्यांनी उभ्या केलेल्या भिंती पाहिल्या की त्यांच्या हाताची खात्री पटते. पण आरसीसीची गोष्ट वेगळी आहे. विटांची भिंत वाकडी असेल तर दिसते. कॉलममधल्या रिंगा दूर दूर बांधल्या असतील तर गिलाव्यानंतर त्या कुणालाच दिसत नाहीत. म्हणून इथे नुसत्या विश्वासावर भागत नाही.

सरकारला हे चांगले ठाऊक आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग स्वतःची कामे देताना ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करतो. कोणत्या वर्गाच्या ठेकेदाराने किती रकमेपर्यंतचे काम घ्यायचे हे ठरलेले असते. पूर्वीची कामे आणि आर्थिक कुवत पाहिली जाते. अनामत रक्कम ठेवून घेतली जाते, आणि काम झाल्यावर ठरावीक मुदतीत निघालेले दोष ठेकेदाराला स्वखर्चाने दुरुस्त करावे लागतात. सरकार आपल्या पैशांची जी काळजी घेते, ती घेण्याची सोय नागरिकाला मात्र करून दिलेली नाही.

इतरत्र काय आहे

अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याचा स्वतंत्र असतो. कॅलिफोर्नियात ठेकेदारांना परवाना देणारी यंत्रणा १९२९ पासून आहे. परवान्यासाठी त्या कामाचा किमान चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एक परीक्षा कायदा आणि व्यवसायाची, दुसरी कामाची, अशा दोन द्याव्या लागतात. बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते आणि २५,००० डॉलरचा बाँड ठेवावा लागतो. परवान्याचा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो आणि तो टाकून कुणालाही ठेकेदाराची नोंद, त्याच्यावर झालेली कारवाई पाहता येते. घरदुरुस्तीच्या कामात आगाऊ रक्कम करारातील किमतीच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. सर्वांत कडक तरतूद पुढेच आहे: परवाना आवश्यक असलेले काम विनापरवाना केले तर ठेकेदाराला आपल्या पैशांसाठी न्यायालयात जाता येत नाही, उलट ग्राहक दिलेले पैसे परत मागू शकतो. बे एरियात घर घेऊन स्वयंपाकघर नव्याने करून घेणाऱ्या मराठी कुटुंबांना ही व्यवस्था परिचयाची आहे.

फ्लोरिडात जनरल, बिल्डिंग आणि रेसिडेन्शियल असे ठेकेदारांचे वेगवेगळे वर्ग आहेत. रेसिडेन्शियल वर्गाच्या ठेकेदाराला एक ते तीन कुटुंबांची, राहण्याचे दोनच मजले असलेली घरे बांधता येतात. आपल्या तालुक्याच्या गावांतली बहुतेक स्वतंत्र घरे याच मापाची असतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये परवान्याला विम्याची जोड आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या निवासी कामासाठी गृह-हमी विमा काढावाच लागतो, म्हणजे ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला किंवा दिवाळखोर झाला तरी घरमालक उघडा पडत नाही.

अमेरिकेत सगळीकडेच असे आहे असे मात्र नाही. टेक्सासमध्ये जनरल ठेकेदारासाठी राज्यपातळीवरचा परवाना नाही. तिथे काही शहरांची नोंदणी, करार आणि न्यायालये यांवर भिस्त असते. म्हणजे परवाना नसलेल्या जागी करार भक्कम लागतो. आपण आज त्याच जागी आहोत.

लेबर रेट की मटेरियलसह?

आपल्याकडे घर बांधायला देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली लेबर रेटची: सिमेंट, स्टील, खडी, वाळू किंवा क्रश सँड, विटा घरमालकाने आणायच्या आणि ठेकेदाराने मजुरी चौरस फुटावर घ्यायची. दुसरी मटेरियलसह, म्हणजे सगळे ठेकेदाराने आणायचे आणि चौरस फुटाचा एकच दर लावायचा. लेबर रेटमध्ये मालाची प्रत घरमालकाच्या हातात राहते. पण नासाडी किती झाली, ब्रास मोजून आला का, गोण्या कुठे गेल्या, हे रोज पाहावे लागते. गावी घर आणि नोकरी पुण्यात, अशा माणसाला ते जमत नाही. मटेरियलसह दिले तर धावपळ वाचते. पण ठेकेदाराचा फायदा ज्यातून निघतो तेच सिमेंट आणि तेच स्टील आपल्या घरात जाते, हे विसरून चालत नाही. ज्याला रोज साइटवर जाता येत नाही त्याने मटेरियलसह काम द्यावे, पण देखरेखीसाठी ठेकेदाराशी संबंध नसलेला अभियंता वेगळे पैसे देऊन नेमावा. एकूण खर्चाच्या मानाने हे शुल्क लहान असते आणि वाचवू नये असा खर्च कोणता म्हणाल तर तो हाच.

करातही फरक पडतो. एकट्या निवासी घराच्या नव्या बांधकामाचे निव्वळ मजुरीचे काम वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. मटेरियलसह काम नोंदणीकृत ठेकेदाराकडून घेतले तर १८ टक्के कर लागतो. दर ठरवताना ‘कर धरून की वेगळा’ हे लिहून घेतले नाही, तर तो प्रश्न शेवटच्या बिलाला उभा राहतो.

सर्वांत जास्त भांडणे होतात मापावरून. समजा, दोन मजली घराच्या प्रत्येक मजल्याचे भिंतीबाहेरचे माप ९०० चौरस फूट आहे. गॅलरी आणि बाहेर काढलेले छज्जे धरले तर प्रत्येक स्लॅबचे माप १,०५० चौरस फूट होते. घरमालक मनात १,८०० चौरस फूट धरून बसलेला असतो, ठेकेदार स्लॅबच्या मापाने २,१०० मोजतो. दर १,८०० रुपये असेल तर फरक ५,४०,००० रुपयांचा. यात कुणी लबाडी केली असेही नाही; दोन्ही मापे बाजारात चालतात. कोणते चालणार हे आधी ठरले नव्हते, एवढेच. जिन्यावरची हेडरूम, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, पार्किंगचा कोबा, जोत्याची जास्तीची उंची यांचेही तसेच. ‘एक्स्ट्रा’ हा शब्द शेवटी सगळ्यांत महाग पडतो.

माणूस पाहावा कसा

ठेकेदार निवडताना लोक दर विचारतात आणि फार तर त्याने बांधलेले एखादे नवे घर पाहून येतात. नव्या रंगाचे घर सगळेच चांगले दिसते. किमान तीन घरे पाहावीत: एक काम चालू असलेले, एक नुकतेच ताब्यात दिलेले आणि एक तीन-चार पावसाळे झेललेले. तिसऱ्या घरात संडास-बाथरूमच्या खालच्या छताकडे पाहावे, तिथे ओल येते का. गच्चीवर कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात, भिंत आणि कॉलमच्या जोडात, खिडकीवरच्या छज्ज्याच्या मुळाशी चिरा आहेत का, हे पाहावे. त्या घरमालकाला एकच प्रश्न जरूर विचारावा: पैसे पूर्ण दिल्यावर बोलावले तेव्हा ठेकेदार आला का?

चालू कामावर गेलात तर सिमेंटच्या गोण्या जमिनीला टेकून ठेवल्या आहेत की फळ्यांवर, सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत की दगडाचे तुकडे, आधी टाकलेला स्लॅब ओला आहे की कोरडा पडला आहे, हे पाच मिनिटांत कळते. मजुरांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, उंचीवर काम करणाऱ्याला आधार आहे का, हेही पाहावे. मजुराच्या जिवाची काळजी न घेणारा तुमच्या बीमची घेईल, असे मानायला आधार नाही.

एका वेळी त्याची किती कामे चालू आहेत आणि आपल्या साइटवर दिवसभर कोण उभे राहणार आहे, हे नाव घेऊन विचारावे. पुष्कळ ठेकेदार आरसीसीपर्यंत झपाट्याने नेतात, कारण स्लॅबला पैसे मोठे मिळतात. नंतर प्लास्टर, फरशी, दरवाजांसाठी माणसे येईनाशी होतात. ‘साहेब, काळजी करू नका, तुमचं घर म्हणजे माझंच घर’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण त्यापुढे तारीख लिहून घेतली तरच त्याला किंमत. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देण्याआधी, इतरांपेक्षा तो कुठे वाचवणार आहे, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे. चांगला ठेकेदार याचे उत्तर सरळ देतो.

करारात काय हवे

करार मराठीत आणि दोघांना कळेल असा असावा. मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग ही कराराचाच भाग असल्याचे लिहावे. मोजमापाची पद्धत, दरात येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टींची यादी, सिमेंट-स्टीलची प्रत आणि ब्रँड, काँक्रीटची ग्रेड, फरशी-नळ-वायरिंगची किंमतमर्यादा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, उशीर झाला तर काय, हे सगळे त्यात असावे. जास्तीचे कोणतेही काम दर ठरवून, लिहून, दोघांच्या सहीनंतरच सुरू होईल, हे एक कलम बहुतेक भांडणे मिटवते. मुद्रांक शुल्क रकमेप्रमाणे बदलते, म्हणून ते वकिलाला विचारून भरावे.

पैशांचे सूत्र साधे आहे: दिलेले पैसे झालेल्या कामाच्या कधीही पुढे जाऊ नयेत. सुरुवातीची रक्कम लहान ठेवावी. मग जोते, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी असे टप्पे पाडून, अभियंत्याने टप्पा पाहिल्यावर पैसे द्यावेत. बँकही कर्ज असेच टप्प्याटप्प्याने देते. प्रत्येक हप्त्यातून ५ टक्के राखून ठेवावेत आणि ते दोष-दुरुस्तीच्या मुदतीनंतर द्यावेत. फ्लॅटच्या बाबतीत स्थावर संपदा कायद्याने संरचनेतल्या दोषांची जबाबदारी ५ वर्षे ठेवली आहे. स्वतःच्या घराला ती आपोआप लागू होत नाही, पण करारात तसे लिहून घेण्यापासून कुणी अडवत नाही. पैसे बँकेतूनच द्यावेत. एका आर्थिक वर्षात ठेकेदाराला ५० लाखांपेक्षा जास्त रक्कम दिली तर साध्या पगारदार घरमालकालाही टीडीएस कापून भरावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

स्लॅबचा दिवस

घराच्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाचा दिवस वास्तुशांतीचा नसून स्लॅबचा असतो. सकाळी मिक्सर येतो, घमेल्यांची रांग लागते, नारळ फुटतो आणि संध्याकाळपर्यंत थांबायचे नाही असे वातावरण तयार होते. जे पाहायचे ते त्याआधी पाहून घ्यावे लागते. म्हणून आदल्या दिवशी, सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्याआधी, अभियंत्याने साइटवर येऊन लेखी परवानगी द्यावी, अशी अट करारात असायला हवी.

त्या तपासणीत काय पाहतात, ते घरमालकालाही कळू शकते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सौम्य हवामानात स्लॅबला किमान २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि फूटिंगला ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, लागतो. कोकणात किनाऱ्यालगत खारी हवा लागते, तिथे हेच मानक एम ३० ग्रेडचे काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर मागते; देशावरच्या घराचे ड्रॉइंग मालवणला नेऊन चालत नाही. कॉलमच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली असावीत, नुसती काटकोनात नकोत. भूकंपाच्या हिसक्यात काटकोनातली टोके उघडतात आणि कॉलम आतून मोकळा होतो. १९६७ चे कोयना आणि १९९३ चे किल्लारी ज्या राज्याने पाहिले, तिथे हा वाकवलेला छोटासा तुकडा किरकोळ नाही.

मग पाणी. मिक्सरवरच्या माणसाला माल पातळ हवा असतो, कारण पातळ माल पटकन पसरतो. पण जास्तीचे प्रत्येक भांडे काँक्रीटची ताकद खाली आणते. पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.५५ धरले तर ५० किलोच्या एका गोणीला साधारण २७ लिटर पाणी होते, तेही वाळूतली ओल धरून. मापाची बादली ठरवून द्यावी आणि एक माणूस फक्त त्यासाठी उभा करावा. व्हायब्रेटर एकाला दोन असावेत, एक बंद पडला तर काम अडू नये. काँक्रीट पडत असताना त्यातूनच १५ सेंटिमीटरचे घन भरून ठेवावेत आणि २८ दिवसांनी तपासून घ्यावेत. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने थोडे शुल्क घेऊन ही चाचणी करून देतात. घन भरले जाणार हे ठाऊक असले की मिक्सरवरचा हात आपोआप आवरतो.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून पाणी भरायचे. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंट असेल तर किमान १० दिवस, कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस स्लॅब ओला ठेवावा. ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस आणि त्याहून लांब बीमचे २१ दिवस काढू नयेत, असे मानक सांगते. पीपीसीला त्याहून थोडे जास्तच थांबावे. सेंटरिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात म्हणून टेकू लवकर काढायची घाई होते. ती घाई ठेकेदाराच्या सोयीची असते, स्लॅबच्या नव्हे.

मजुरांचा हिशेब

घर उभे करणाऱ्या मजुरांची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न घरमालक बहुधा टाळतो. ठेकेदाराकडे मजुरांचा विमा नसेल आणि कुणी माळ्यावरून पडले, तर दवाखाना आणि भरपाईचा प्रश्न शेवटी घरमालकाच्याच दारात येतो. विम्याची प्रत कामाच्या आधी मागावी. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने कल्याण मंडळे आली आणि बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर लागू झाला. त्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराला १० लाख रुपयांच्या खर्चापर्यंत सूट होती. सामाजिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली आहे.

घरमालकाला करता येण्यासारखी एक गोष्ट फारशी कुणी करत नाही. कल्याण मंडळात नोंदणी करायला कामगाराला मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरून नाक्यावर फिरणाऱ्या माणसाला तो मिळवणे अवघड जाते. आपल्या साइटवर कोण किती दिवस राबले याची नोंद ठेवून, त्यांना ठेकेदाराकडून दाखले मिळाले की नाही, हे घरमालकाने आवर्जून पाहावे. त्या नोंदणीवर मुलांची शिष्यवृत्ती आणि आजारपणातली मदत अवलंबून असते.

बिनसले तर

काम अर्धवट राहिले, गळती लागली, पैसे जास्त गेले, तर बहुतेक लोक आधी पोलीस ठाण्यात जातात आणि ‘हा दिवाणी विषय आहे’ हे ऐकून परत येतात. दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो म्हणून मग गप्प बसतात. वास्तविक जवळचा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये या मुद्द्याची विस्ताराने चर्चा केली, आणि २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येतही घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगात करता येते. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी. वकील नेमलाच पाहिजे असे नाही.

पण आयोगापुढेही बोलतात ते कागद. करार, हप्त्यांच्या बँक नोंदी, टप्प्याटप्प्याचे तारखेसह फोटो, अभियंत्याचा अहवाल, घनाच्या चाचणीचा निकाल, ठेकेदाराला पाठवलेली लेखी सूचना. हे नसेल तर खरे बोलणाराही हरतो. दुसरा ठेकेदार लावून पाडापाडी करण्याआधी झालेल्या कामाचा तांत्रिक पंचनामा अभियंत्याकडून करून घ्यावा. एकदा तोडले की पुरावा गेला.

राज्याने काय करावे

परवाना म्हटले की आपल्याला आणखी एक खिडकी, आणखी एक दलाल आठवतो. ही भीती निराधार नाही. पदवीची अट घातली तर चाळीस वर्षे ओळंबा धरलेला गवंडी बाहेर फेकला जाईल आणि पदवी भाड्याने देणारे पुढे येतील. म्हणून पहिले पाऊल परवान्याचे नव्हे, नोंदणीचे असावे. तळमजला आणि वर एक-दोन मजले, एवढ्याच निवासी घरांसाठी तालुकावार ठेकेदारांची नोंदवही असावी. प्रवेशासाठी मराठीत प्रात्यक्षिक परीक्षा असावी: ड्रॉइंग पाहून रिंगा बांधून दाखवायच्या, माल मापाने कालवून दाखवायचा. अनुभवातून आलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनांत आहेच, तिचा उपयोग इथे करता येईल.

दुसरे, बांधकाम परवानगीच्या अर्जावर आणि साइटवरच्या फलकावर अभियंत्याबरोबर ठेकेदाराचेही नाव असावे. आज घर कोसळले तर कुणी बांधले हे शोधावे लागते. तिसरे, महारेराने फ्लॅटच्या विक्रीसाठी नमुना करारनामा दिला, तसा स्वतंत्र घराच्या बांधकामाचा मराठी नमुना करार सरकारने काढावा आणि तो परवानगीच्या कागदांबरोबर प्रत्येक अर्जदाराच्या हातात द्यावा. चौथे, लहान वादांसाठी महारेराच्या सलोखा मंचासारखी जागा जिल्ह्यात असावी, जिथे अभियंता आणि कायद्याचा जाणकार एकत्र बसून महिन्या-दोन महिन्यांत तोडगा काढतील. यांतल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागते ती एवढी जाणीव, की पुलाच्या ठेकेदाराची पात्रता तपासणाऱ्या राज्यात चार माणसे ज्या छताखाली झोपतात त्याचा ठेकेदारही तपासला गेला पाहिजे.

हे होईपर्यंत काम आपल्यालाच करायचे आहे. या उन्हाळ्यात घराला हात घालणार असाल तर तीन गोष्टी न चुकता करा: देखरेखीसाठी स्वतंत्र अभियंता नेमा, मोजमापाची पद्धत आणि पैशांचे टप्पे लिहिलेला करार करा, आणि सळई बांधून झाल्यावर अभियंत्याच्या लेखी होकाराशिवाय काँक्रीट पडू देऊ नका. प्रामाणिक ठेकेदाराला या तिन्ही गोष्टी मान्य असतात. ज्याला त्या नको असतील, त्याला काम देऊ नका.